पाकळी पडेपर्यंत

त्या दिवसांत माझी पूजा सुटली होती. देवावर राग नव्हता, कुणाशी वादही झाला नव्हता. खालापूरजवळच्या आमच्या लहानशा रुग्णालयात हायवेवरचे अपघात सारखे येत, आणि दुसरे डॉक्टर आजारी असल्याने सगळा भार माझ्यावर होता. कळंबकडे भातशेती करणाऱ्या घरातली मी पहिली शिकलेली मुलगी. आईने मोठ्या श्रद्धेने देव्हारा मांडून दिला होता. पण घरी आल्यावर त्याच्यासमोर उभं राहिलं तरी पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नसे. एवढी मी दमले होते.

अशाच एका दुपारी कुंभिवलीची एक म्हातारी आपल्या मुलाला घेऊन आली. महेश म्हणू या त्याला. चौक गावातल्या गॅरेजात कामाला. मोटारसायकल घसरली आणि हँडल पोटात जोरात बसलं. बाहेरून पाहिलं तर डाव्या बरगड्यांखाली नुसतं खरचटलेलं. नाडी, रक्तदाब दोन्ही ठीक. तरी मी सोनोग्राफीचं यंत्र पलंगाशी ओढलं. मार लागून पोटात रक्त साचलं असेल तर पडद्यावर काळी पट्टी दिसते. सगळीकडे फिरवून पाहिलं, पट्टी कुठेच नव्हती.

"बघ आये, मी सांगत नव्हतो? चल आता, घरी जाऊन चाय मारू."

"गप रं. चाय पाजते तुला चांगली." मग ती माझ्याकडे वळली. "डॉक्टरीणबाय, दिसलं नाय म्हंजे काय झालंच नाय, असं हाय का?"

"आत्ता तरी काही दिसत नाही, मावशी."

"मंग आमी बसतो."

"बसायला हितं काय लगीन हाय?" महेश कुरकुरला.

म्हातारीने त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. "आमच्या गावदेवीला कौल लावतात. दोन वल्या पाकळ्या देवीला चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाय. आन एक बी पडली नाय, तर देवी गप हाय. तवा कुनी उठून घरी जात नाय, बाय. बसून ऱ्हातात."

एवढं बोलून ती पदर सावरून पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसली. खरं तर पहिली तपासणी साफ आली तरी रुग्णाला थांबवून पुन्हा पाहायचं असतं. रक्त साचायला वेळ लागतो. हे मी शिकले होते. पण त्या दुपारी थकव्याने ते डोक्यातून पुसून टाकलं होतं, आणि घरी पाठवण्याचे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले. महेशला सलाईन लावलं आणि इतर रुग्णांकडे गेले.

तासाभराने परत आले तेव्हा त्याची थट्टा थांबली होती. तो पाणी मागत होता. नाडी जलद झाली होती. मी पुन्हा पोटावर यंत्र टेकवलं. यकृत आणि मूत्रपिंड मघाशी एकमेकांना चिकटलेली दिसत होती. आता त्यांच्यामध्ये एक काळी रेघ होती. डाव्या बाजूला, प्लीहेजवळ, ती आणखी रुंद होती.

म्हातारी माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. "पडली का पाकळी?"

"पडली, मावशी. डावी. घरी जायचं नाही."

"मंग उठा," ती म्हणाली, आणि माझ्याआधी स्वतः उठली.

पनवेलच्या मोठ्या रुग्णालयात मी फोन केला, अँब्युलन्स निघाली. मायलेक गेल्यावर मला रिकाम्या पलंगाकडे पाहवेना. संध्याकाळी तिथल्या सर्जनचा फोन आला. प्लीहा फाटली होती, पोट रक्ताने भरलं होतं. पण ऑपरेशन झालं होतं आणि महेश वाचला होता. "घरच्या रस्त्यात किंवा घरी असता तर हाती लागला नसता," ते म्हणाले.

हा चमत्कार होता की एका आईचा हट्ट, हे मी ठरवत बसले नाही. देव गप्प आहे म्हणून मी देव्हाऱ्यासमोरून उठून गेले होते. त्याच गप्पपणापुढे ती म्हातारी बसून राहिली. शरण जाणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी थोडंसं समजलं.

फोन ठेवून मी बाहेर आले. तिची गावदेवी कोणत्या दिशेला आहे, हे मला ठाऊक नव्हतं. अँब्युलन्स ज्या रस्त्याने गेली होती, त्या रस्त्याकडे तोंड करून मी हात जोडले.