आठ कोपऱ्यांचा मनोरा

भिलाईतल्या आमच्या सेक्टराजवळच्या बागेत एक मनोरा आहे. खाली चौकोनी, वर अष्टकोनी, आत गोल जिना, टोकाला सज्जा. लोक त्याच्यापुढे हौसेनं फोटो काढतात. मला तो डोळ्यांसमोरही नको असतो.

पोलादाचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा माझे बाबा त्या मनोऱ्यावर मोठे मिस्त्री होते. विटांचा प्रत्येक थर झाला की ते आठही कोपऱ्यांना ओळंबा लावून भिंत सरळ आहे का पाहायचे. मुकादम दुर्गचा, घरात मराठीच बोलणारा, पण महाघाईचा. चार कोपरे पाहिले की पुरे, असं त्याचं म्हणणं. सज्ज्याखालच्या शेवटच्या थरांचं काम सुरू व्हायचं होतं त्या दिवशी त्यानं नारळ आणला आणि मिस्त्रीचा मान म्हणून बाबांपुढे धरला. बाबा नुकतेच नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले होते.

"काम करतो साहेब. पूजा नाही करत," ते म्हणाले.

मुकादमाच्या अंगाचा तिळपापड झाला. "लय शहाणा झाला का बे तू? उतर खाली!"

त्याच दिवशी बाबांच्या हातातली थापी गेली आणि कुदळ आली. बागेत फुलझाडांचे वाफे खणायचे. त्यांच्याच हाताखालचा एक गडी वर मिस्त्री झाला.

त्यानं चार कोपऱ्यांवर भागवलं. थोड्याच दिवसांत वरच्या थरांना पीळ पडला, सज्ज्याचा साचा बसेना. मग तोच मुकादम आमच्या झोपडीच्या दारात येऊन उभा राहिला. बाबा गेले. वाकडे थर उतरवले, पुन्हा रचले, सज्जा बसवून दिला. गरज सरो, वैद्य मरो. मुकादमानं दुसऱ्या दिवशी त्यांना परत वाफ्यांत धाडलं.

मी घरी भडकले. "तुमी गेलेच कावून बाबा? पडू द्याचा होता!"

"भिंतीचा का गुन्हा पोरी?" एवढंच म्हणून ते जेवत राहिले.

मनोरा पाहायला मोठे पाहुणे आले, त्या सकाळी मी बाबांचा डबा घेऊन बागेत गेले होते. मुकादम वर बोट करून सांगत होता, "त्या नव्या मिस्त्रीचं काम, साहेब. जुना कामचोर होता, काढून टाकला." बाबा तिथंच, चार हात अंतरावर, चिखलात उभे होते.

मी ओरडले, "खोटं बोलून राहिला हा! माह्या बाबानं..."

बाबांनी चिखलाचा हात माझ्या तोंडावर दाबला. मुकादमाला तोंडावर नाही म्हणणारा माझा बाप कुणी ऐकलं का ते पाहत होता.

"चूप बस पोरी," ते म्हणाले. "उद्या कामावर याचं हाये मले."