महाप्रसादाचं नाव

आमच्या महाप्रसादाला हळू बोलता येत नसे. तळ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावरच्या माणसाशी बोलायची सवय. शेजारी बसलेल्याशीही तो तसाच बोले. बंगालीत सुरू झाला की अख्खा आठवडी बाजार वळून बघे. कोणी हटकलं तर म्हणे, "मासा मुका हाये. मानसानं कायले मुकं राहावं?"

महाप्रसाद हे त्याचं नाव नव्हे. आमच्याकडे दोन मित्र देवापुढे नारळ फोडून एकमेकांना प्रसाद भरवतात आणि पुढे जन्मभर एकमेकांना महाप्रसादच म्हणतात. नाव घ्यायचं नाही. घेतलं की नातं तुटलं.

तो लहानपणी आईबापांबरोबर पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून इटियाडोह धरणाकडच्या बंगाली वसाहतीत आला. कोणी 'बाहेरचा' म्हटलं तर खवळे. "आमी आलो नाही. सरकारनं टरकात बसवून आनलं!" मी पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणाऱ्या कोहळी जातीतला. एका पावसाळ्यात आमच्या तळ्याची पाळ फुटली, तेव्हा आमच्याकडे मासे धरायला येणारा हा छातीभर पाण्यात भगदाडाला पाठ लावून उभा राहिला आणि शिव्या देत आमच्याकडून मातीची पोती मागून घेत राहिला. त्याच पुरात तिकडे वसाहतीत त्याचं घर कागदपत्रांसकट वाहून गेलं. पाणी ओसरल्यावर आम्ही नारळ फोडला आणि तो आमच्याच गावात राहिला.

अलीकडे कुठल्याशा शहरात स्फोट झाला आणि सगळीकडे चौकशा सुरू झाल्या. हा धरणाच्या भिंतीवर उभा राहून बंगालमध्ये दिलेल्या लेकीशी फोनवर ओरडत होता. कोणीतरी कळवलं. संशयित दहशतवादी म्हणून पोलिसांनी त्याला धरलं आणि ओळख पटवायला गावात आणलं. मी गावचा जुना पोलीस पाटील. साहेबांनी मला विचारलं, "याला ओळखता? नाव काय याचं?"

मी गप्प राहिलो. महाप्रसादाचं नाव कसं घेणार, असं मागाहून गावाला सांगितलं. ते खोटं आहे. 'ओळखतो' म्हणायला नाव लागत नव्हतं. मी भ्यालो होतो, आणि त्यानं ते तिथंच हेरलं. "कायले थरथरून रायले महापरसाद? दहशतवादी मी हावो ना!" हवालदारालाही हसू आलं.

स्फोटाचं काही निघालं नाही, तेव्हा तो बांगलादेशी असल्याचा संशय पुढे आला. आपण परदेशी नाही, हे संशय असलेल्यानेच सिद्ध करायचं, असा कायदा आहे. 'मी बांगलादेशी आहे' अशा कागदावर त्याचा अंगठा मागितला. तो म्हणाला, "कापून न्या. मी लावनार नाही." अंगठ्यावाचूनच त्याला सीमेपलीकडे सोडण्यात आलं.

तिकडून एकदा फोन आला. रडणं नाही, तक्रार नाही. तोच तळ्यापलीकडून मारल्यासारखा आवाज. "महापरसाद, तळ्यात माशाचं बीज सोडलं का? लई उशीर करून रायले तुमी."

त्याला परत आणायला त्याच्या बायकोने कोर्टात दाद मागितली आहे. मी साक्ष देतो, असं सांगायला ती मासे विकते त्या बाजारात गेलो. तिने विळीवरून मान वर केली नाही. "आता बोलता, भाऊजी? तवा का तोंडात मासा होता?" तारखेला मात्र मी हजर राहणार आहे.

तोवर थांबायचं कशाला? त्याचं नाव निताई मंडल. तो आमच्या गावचा आहे. घेतलं नाव, तुटलं नातं. तुटू द्या. त्याला परत आणा, त्याच पाळीवर आम्ही पुन्हा नारळ फोडू.