टाचणीएवढं भोक

“हात मागं!”

दिग्रसच्या बसस्टँडमागच्या त्या टिनाच्या दुकानात बॉनेट उघडलं की पहिला शब्द हाच. गाडीचा मालक कौतुकानं वाकून बघायला लागला की मिस्त्री ओरडायचे. मग स्वतःच्या हातातलं घड्याळ काढायचे, गळ्यातली माळ बनियनमध्ये खोचायचे, बॅटरीची काळी वायर आधी सोडायचे आणि तिचं टोक सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात गुंडाळून बाजूला ठेवायचे. लाल वायर नंतर. हा क्रम बदललेला मी कधी पाहिला नाही. त्यांच्या डाव्या अनामिकेवर एक पांढरा गोल डाग होता. तरुणपणी हातातला पाना लाल वायरला टेकला आणि अंगठी गाडीच्या लोखंडाला. “अंगठी अंगारासारखी लाल झालती,” ते सांगायचे, “अन् निंघून नाई राह्यली होती.”

भित्रा मेकॅनिक तुम्ही पाहिलाय का? मी हा एकच पाहिला. गाडी चालू करण्याआधी चाकामागे दोन दगड. इंजिनच्या फिरत्या पट्ट्याजवळची वायर हलवायची तर लाकडी काडीनं, बोटानं नाही. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींकडे तर ते झोपलेल्या सापाकडे बघावं तसे बघायचे. गिऱ्हाईक घाईत असलं की म्हणायचे, “घाई हाय? मंग उद्या या.” लोक हसायचे आणि तरीही त्यांच्याकडेच यायचे.

मी एका ट्रस्टची अॅम्ब्युलन्स चालवतो. महागाव तालुक्यातल्या गावांमधून पेशंट घ्यायचे आणि यवतमाळला पोचवायचे, हे माझं काम. वायरिंगचं काही निघालं की गाडी मिस्त्रींकडे. मला ते बापू म्हणायचे आणि प्रत्येक वेळी निघताना विचारायचे, “कोन होतं मांगं? पोचलं ना?”

त्या मे महिन्यात फुलसावंगीची एक बाळंतपणाची केस होती. पहिलटकरीण, पोट दुखायला लागून बराच वेळ झालेला. सोबत सासू आणि सिस्टर. भर दुपारी दिग्रस सोडून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलो आणि चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं. आवाज नाही, धक्का नाही. समोर फक्त पिवळा दिवा. स्टार्टर फिरत होता, इंजिन घेत नव्हतं. मागून मुलीचा आवाज येत होता आणि सासू पदरानं वारा घालत मला विचारत होती, “बाबू, काहून थांबली? काहून थांबली गाडी?”

दहा मिनिटांनी गाडी आपोआप चालू झाली. चार किलोमीटरवर पुन्हा बंद. दुसरी अॅम्ब्युलन्स यायला तासभर लागणार होता. असं तीनदा झालं. पोचलो, बाळ जन्मलं, पण लगेच रडलं नाही. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. मी वॉर्डाबाहेर उभा राहिलो तेव्हा सासूनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. एक शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

यवतमाळच्या एका मोठ्या गॅरेजमध्ये कॉम्प्युटर लावला. कोड निघाला: इंजिन कुठपर्यंत फिरलंय ते सांगणारा सेन्सर. नवा बसवला. तीन दिवसांनी गाडी पुन्हा बंद, नशिबानं रिकामी होती. दुसरा नवा बसवला, पुन्हा तेच. मग मी गाडी मिस्त्रींच्या दारात आणून लावली आणि सगळं सांगितलं.

“कोड म्हंजे शेजारच्या घरातून वरडन्याचा आवाज आला, एवढंच,” ते म्हणाले. “कोनं कोनाले मारलं, ते घरात जाऊन पाहा लागते.” थोड्या वेळानं विचारलं, “लेकरू कसं हाय?”

“पेटीतच आहे.”

त्यांनी मान हलवली आणि घड्याळ काढलं.

पहिल्या दिवशी काहीच सापडलं नाही. गाडी आज्ञाधारकपणे चालत राहिली. ट्रस्टच्या सेक्रेटरींचा फोन आला, गाडी चालू आहे तर घेऊन या. मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते म्हणाले, “सांग त्याईले, गाडी चालू हाय, भरोसा बंद हाय.” मी जवळजवळ तसंच सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. त्या रात्री कुठल्या गावातून पेशंटसाठी फोन आला असता तर काय केलं असतं, या विचारानं मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन चांगलं तापू दिलं. चाकांना दगड, मला हँडब्रेकजवळ बसवलेलं. मीटर समोर ठेवून मिस्त्री सेन्सरकडून येणाऱ्या वायरींचा जुडगा काडीनं वीतवीतभर हलवत गेले. एका जागी काडी टेकली आणि इंजिन गप्प झालं. पुन्हा चालू केलं, पुन्हा टेकली, पुन्हा गप्प.

“सापडलं!” मी ओरडलो आणि खाली उतरलो.

त्यांनी काळी वायर सोडली, जुडग्याची टेप उलगडली, चष्मा पुसला. एका बारीक वायरच्या प्लास्टिकवर टाचणीएवढं भोक होतं. त्यातून पाणी आत गेलं होतं आणि तांबं हिरवं होऊन भुगा झालं होतं. दोन-तीन केसांएवढ्या तारा उरल्या होत्या. गरम झालं, हललं, की तुटायच्या; थंड झालं की टेकायच्या.

मिस्त्रींनी त्या भोकावरून नख फिरवलं. मग म्हणाले, “हे भोक मायं हाय.”

मला कळलं नाही. त्यांनीच आठवण करून दिली. गेल्या वर्षी मी असाच गाडी घेऊन आलो होतो. करंट येतो का ते बघायला त्यांनी वायरमध्ये टाचणी टोचली होती. “कनेक्टर मांगून खोलून पाहा लागते. येळ लागते. त्या दिवशी तू घाईत होता.” त्यांनी चष्मा काढला. “नाई. म्या घाईत होतो.”

“अहो मिस्त्री, सगळेच टोचतात. वर्ष झालं त्याला. होतं असं.”

“तिच्या सासूले सांगशील का असं?”

त्यांनी वायरचा सडका तुकडा कापून नवा जोडला, कथिलाचा डाक दिला, वरून नळी चढवली. मग तीन तास गाडी माझ्याकडून चालवून घेतली, शेजारी बसून, दारव्ह्यापर्यंत आणि परत.

बाळ अकराव्या दिवशी पेटीतून बाहेर आलं. मी हे सांगायला दुकानात गेलो तर ते जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर काहीतरी लिहीत होते. त्यांना माणसांची नावं आठवत नसत, गाड्या आठवत. हिरवी जीप, भोंगा फुटका. कापूस जिनिंगवाल्यांचा टेम्पो. मास्तरीणबाईंची निळी गाडी. ज्यांच्या वायरीत टाचणी टोचल्याचं त्यांना आठवत होतं अशा नऊ गाड्या.

पुढचा दीड महिना सकाळी दुकान बंद ठेवून ते स्कूटरवर त्या गाड्या शोधत फिरले. लांबच्या गावी सुटीच्या दिवशी मी नेलं. अनोळखी अंगणात जाऊन हा म्हातारा म्हणायचा, “तुमच्या गाडीत मायी एक चूक राहून गेली हाय, पाहू द्या.” मास्तरीणबाईंनी चहा दिला. जिनिंगवाल्याच्या पोरानं चारचौघांत विचारलं, “म्हंजे तूच गाड्या खराब करते अन् तूच सुधरवते?” मिस्त्री खाली बघून म्हणाले, “हो.” त्या टेम्पोची वायर हिरवी निघाली. परत येताना ते स्कूटरवर मागे बसले होते, मला म्हणाले, “पाह्य, ह्याईची गाडी घाटात बंद पडली असती.”

आठ गाड्या सापडल्या. नववी सापडली नाही. पांढरी, बाहेरगावची, पावसात एकदाच आलेली. नवरा-बायको होते, मागच्या सीटवर एक लेकरू झोपलं होतं. नंबर लक्षात नव्हता. त्यानंतर मिस्त्रींनी आपलं बसायचं बाकडं फिरवून रस्त्याकडे तोंड करून घेतलं. माझ्याशी बोलता बोलता मध्येच थांबायचे आणि जाणाऱ्या पांढऱ्या गाडीकडे बघत राहायचे. “तिचा सायलेन्सर डाव्या अंगाला होता,” स्वतःशीच म्हणायचे.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी चहा पिऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

परवा दारव्ह्याच्या पंपावर डिझेल भरत होतो. पुढे एक पांढरी गाडी उभी होती, जुनी. काय झालं कुणास ठाऊक, मी खाली उतरलो आणि काचेवर टकटक केलं.

“साहेब, ही गाडी कधी दिग्रसला वायरिंगच्या कामाला आली होती का?”

“नाही. का?”

“एकदा बॉनेट उघडता का? पाच मिनिटं फक्त.”

त्यानं माझ्याकडे, मग माझ्या अॅम्ब्युलन्सकडे पाहिलं. त्याची बायको त्याच्या कानात काहीतरी म्हणाली. काच वर गेली आणि गाडी यवतमाळच्या रस्त्याला लागली. पंपवाला मागून हाका मारत होता, भाऊ, टाकी भरली, गाडी काढा. मी वाकून सायलेन्सर कोणत्या बाजूला आहे ते बघत होतो.