कागदावर राहिलेले डॉक्टर

अमेरिकेत, नेब्रास्का राज्यातल्या आमच्या गावच्या हॉस्पिटलसाठी डॉक्टर शोधायचं काम लॉरेटा कुचेराकडे आहे. सरकारची डॉक्टरांची यादी सगळ्यांना खुली आहे. तीत नाव आणि फोन बघायचा आणि गळ घालायची, "या हो आमच्याकडे, घर देतो, मासेमारीला तळं आहे." डॉक्टरांची बायको शहरातली निघाली की बोलणं तिथेच संपतं.

वैतागून तिने राज्य सरकारकडे मदत मागितली. उत्तर आलं, यादीप्रमाणे तुमच्या गावात डॉक्टर पुरेसे आहेत. प्रत्यक्षात एकटे डॉक्टर नोवाक उरलेत. बाकीचे केव्हाच शहरांत पळाले, पण यादीतला पत्ता एकानेही बदलला नाही.

लॉरेटा भडकली. तिने फिनिक्सला गेलेल्या डॉक्टर व्हिटकॉमना फोन लावला.

"डॉक्टर, तेवढा पत्ता बदला ना."

"बघतो गं, सध्या फार गडबड आहे."

"दरवेळी हेच! परत येऊ नका, पण निदान इथून जा तरी!"

ते हसले आणि त्यांनी फोन ठेवला. लगेच लॉरेटाचा फोन वाजला. कॅन्सस राज्यातल्या एका हॉस्पिटलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "यादीत तुमचा नंबर मिळाला. डॉक्टर व्हिटकॉम आहेत? त्यांच्यासाठी छान नोकरी आहे."

"ते सोडून गेले."

"अच्छा. मग डॉक्टर नोवाक?"

शेजारच्या खोलीत नोवाक पेशंटशी मोठ्याने हसत होते. लॉरेटाने पायाने दार लोटलं.

"तेही गेले," ती म्हणाली. "यादीतला पत्ता बदलायचा राहिलाय बघा."