वडाखालचा नंबर

आम्ही चार ड्रायव्हर एकत्र बसलो की वडाचा विषय निघतोच. एकाचा किस्सा संपत नाही तोवर दुसरा तोंड उघडतो. वड उभा होता तेव्हा त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

कान्ह्याजवळच्या फाट्यावर आमचा जीपचा स्टँड. नंबर लावायची पद्धत आमचीच. सकाळी वडाची सावली टपरीच्या बाजूला, दुपारनंतर विहिरीच्या बाजूला. सावली फिरली की सगळ्या गाड्या तिकडं न्यायच्या. खोडाजवळची गाडी पहिली सुटणार. वाद झाला तर आबा, आमच्यातले सगळ्यात जुने ड्रायव्हर, म्हणायचे, "मला कशाला? वडाला इचार."

रस्ता रुंद करायला वड पाडला. पुढच्याच आठवड्यात एका वऱ्हाडाला कुणीतरी फोनवर सांगितलं, "वडापाशी वळा." वऱ्हाड पार कामशेत ओलांडून गेलं. नवरीचा मामा अजून शिव्या देतो.

उन्हाळ्यात रस्त्याच्या कामाचे साहेब पाहणीला आले. घाम पुसत आपल्या ड्रायव्हरला म्हणाले, "अरे, गाडी सावलीत लाव की." तो बिचारा चारी बाजूंना बघतोय. आबा म्हणाले, "सायेब, ती तुमीच नेली."

मग पत्र्याची शेड आली. आतला लोखंडी बाक दुपारी असा तापतो की विचारू नका. माणसं शेडच्या मागं, तिच्या सावलीत उभी! टपरीवाली शांतामावशी म्हणते, "मागं उभं राह्याला लय झ्याक बांधलीय."

हसतो आम्ही, पण धंदा बसला. पूर्वी जीप भरेपर्यंत लोक वडाखाली निवांत बसायचे. कुणी घोरायचं, कुणी पोरीचं लग्न जमवायचं. आता उन्हात कोण थांबतंय? दिसेल त्या मोटरसायकलला हात करतात. गाडी भरत नाही म्हणून डोंगरातल्या ठाकरवाडीची दुपारची फेरी बंद पडली. वाडीची म्हातारी हिराबाई दवाखान्यातून चालत घरी जाते. मला म्हणाली, "झाड तुमचं पडलं, पाय आमचं झिजत्यात." फार आठवण येते हो त्या वडाची.

परवा भर दुपारी आबांनी अचानक गाडी सुरू केली. हिराबाई पिशवी घेऊन धावत आली. "निघाली व्हय वाडीची गाडी?"

आबा म्हणाले, "न्हाई गं. सावली फिरली."

त्यांनी जीप विहिरीच्या बाजूला नेऊन लावली. मागोमाग आम्ही सगळ्यांनी लावल्या. हिराबाईही पिशवी सावरत तिकडं आली आणि उन्हात खाली बसली.