कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं

स्वयंपाकघराच्या दाराआड पिशव्यांनी भरलेली एक पिशवी असते ना, तसे आमच्या ग्रुपचे किस्से झालेत. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात!

ग्रुप म्हणजे नेरूळ आणि आसपासच्या, घरून काहीबाही व्यवसाय करणाऱ्या आम्ही वीसेक बायका. महिन्यातून एकदा सोसायटीच्या हॉलमध्ये जमतो. मी पोळीभाजीचे डबे करते. सारसोळ्याच्या कोळीवाड्यातल्या हिराबाई मासे विकायच्या, आणि त्यांच्या हातचं कालवण तर विचारूच नका. शालनताई साताऱ्याकडच्या, त्या कार्यांची जेवणं करतात. आणि आम्हाला शिस्त लावतात त्या अंजली मॅडम, मोठ्या ऑफिसातून रिटायर झालेल्या.

मागच्या वर्षी हिराबाईंच्या गुडघ्यांनी संप केला. डॉक्टरांनी डोक्यावरची टोपली बंद केली. तेव्हा आम्ही दोघींनी ठरवलं, पोळीभाजी माझी, मासे त्यांचे, आणि एखाद्या कंपनीच्या जेवणाचं काम मिळवायचं. कारण हिराबाईंनी रिकामं बसणं शक्यच नव्हतं. "मी घरान बसली तं सून पलून जाईल," असं त्या स्वतःच म्हणायच्या!

मॅडम म्हणाल्या, "काम ओळखीतून मिळतं आणि ओळख व्हिजिटिंग कार्डातून होते. आधी कार्ड द्यायला-घ्यायला शिका!"

* * *

पहिला धडा. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, दोन्ही हातांनी घ्यायचं आणि लगेच पर्समध्ये कोंबायचं नाही.

हिराबाईंनी मॅडमचं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि डोळे मिटले.

"अहो हिराबाई, प्रसाद नाहीये तो!"

"मॅडम, यावर मानसाचा नाव हाय. पाया परली तं काय बिघरला?"

पुढच्या मीटिंगला सात बायका कार्ड कपाळाला लावत होत्या!

* * *

दुसरा धडा, घेतलेलं कार्ड आदराने वाचायचं.

वाशीच्या एका प्रदर्शनात टूर्सवाल्या एका गृहस्थांनी शालनताईंना कार्ड दिलं. ताईंनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. नाव, डिग्री, गाळा नंबर, पहिला मजला, लिफ्टच्या बाजूला... मागे दहाबारा माणसांची रांग खोळंबली.

मी कोपराने ढोसलं तर म्हणाल्या, "आवं, म्याडमनीच सांगितलंय न्हवं, नीट वाचायचं म्हनून!" मग कार्ड उलटलं आणि त्या गृहस्थांच्याच हातात दिलं. "पाठीमागं इंग्रजी हाय. त्ये तुमी वाचून दावा."

बिचारे वाचायला लागले. रांगेतून आवाज आला, "जरा मोठ्याने!"

* * *

हिराबाईंना वाचायला वेळ लागतो. म्हणून त्यांनी स्वतःची पद्धत काढली. कार्ड घेतलं की विचारायचं, "दादा, मावरा खाता का?" माणूस हो म्हणाला की कार्डाचा कोपरा दुमडायचा. मासे न खाणाऱ्यांची कार्डं सरळ. त्यांच्याकडे मी जायचं.

त्याच प्रदर्शनात एक शेठजी बायकोबरोबर आले होते. प्रश्न ऐकून बाईच आधी म्हणाल्या, "छे छे, आमच्यात चालत नाही!" हिराबाईंनी कार्ड सरळच ठेवलं.

पाच मिनिटांनी शेठजी एकटेच परत आले. इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ताई, माझाही कोपरा जरा दुमडा ना!"

* * *

मॅडमचा आणखी एक नियम होता. दुःखाच्या घरी आपण होऊन कार्ड काढायचं नाही. कुणी मागितलं तरच द्यायचं.

शालनताईंची यात फार पंचाईत होते, कारण तेराव्याची जेवणं हे त्यांचं मोठं काम. कोपरखैरण्याला त्या एका घरी भेटायला गेल्या. तासभर मान खाली घालून बसल्या. कार्डाला हात लावला नाही. शेवटी गेलेल्या आजोबांच्या बहिणीने, ऐंशीच्या पुढच्या आजीबाईंनी, त्यांना जवळ बोलावलं.

"तूच ना गं ती जेवणवाली? कार्ड दे."

ताईंनी दोन्ही हातांनी दिलं. "आजी, तेराव्याला किती मानसं धरू?"

"ते त्यांचं ते बघतील. हे माझ्यासाठी ठेवतेय." आजींनी कार्ड उशीखाली सरकवलं. "आणि ऐक, माझ्या वेळी भात मोकळा व्हायला हवा. चिकट केलास तर बघ!"

* * *

सवय फक्त आम्हालाच लागली असं नाही. पाम बीच रोडवर ट्रॅफिक हवालदाराने मॅडमची गाडी थांबवली आणि लायसन्स मागितलं. मॅडमनी दोन्ही हातांनी दिलं, अक्षरं त्याच्याकडे करून. गोड हसल्या. आणि हात पुढे करून तशाच थांबल्या.

हवालदार गोंधळला. शर्टाचा खिसा चाचपला, पँटचा चाचपला, आणि ओशाळून म्हणाला, "मॅडम, माझं घरी राहिलं!"

* * *

आता आमच्या कामाचं.

वाशीच्या हॉटेलात मोठी मीटिंग होती. न्हावा शेव्याच्या एका कंटेनर कंपनीचे साहेब येणार होते. त्यांना साठ माणसांच्या रोजच्या जेवणासाठी कुणीतरी हवं होतं. हिराबाई दुपारपासून दारापाशी उभ्या होत्या. खुर्ची दिली तर म्हणाल्या, "बसली तं उठताना साहेब निंगून जाईल."

साहेब आले. आमच्याशी बोलले, मेनू विचारला, खूश दिसले. "कार्ड द्या," म्हणाले.

मी पर्स उघडली. आम्हा दोघींचं मिळून छापलेलं एकही कार्ड शिल्लक नाही! कुणालाही नाही म्हणायचं नाही म्हणून मी सगळी वाटून टाकली होती. दोन तर वेटरना दिली होती.

"काही हरकत नाही. माझा फोन बंद पडलाय, नाहीतर नंबर त्यातच घेतला असता," म्हणत साहेबांनी स्वतःचं कार्ड आणि पेन पुढे केलं. "याच्या मागे नंबर लिहून द्या."

पेन घेतलं आणि मी थबकले. मॅडमनी बजावलं होतं, माणसासमोर त्याच्या कार्डावर लिहिणं म्हणजे त्याच्या तोंडावर लिहिणं! आणि मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

"नको साहेब. तुमच्या नावावर मी नाही लिहिणार."

"अहो, मीच सांगतोय ना!"

"तरी नको."

तेवढ्यात दुसऱ्या केटरिंगवाल्याने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. साहेब वळले. हिराबाईंनी माझ्या हातातलं पेन हिसकावलं आणि साहेबांचं मनगट पकडलं, टोपलीतून निसटणारा मासा पकडावा तसं!

"साहेब, मूठ खोला."

आणि साहेबांच्या तळहातावर माझा दहा आकडी नंबर ठसठशीत लिहिला. "आता हरवला तं हातच हरवल!"

मॅडमनी डोळ्यांवर हात घेतला. काम हातचं गेलं असंच धरून मी घरी येऊन न जेवता बसून राहिले. आता हिराबाईंना काय तोंड दाखवू!

रात्री साडेनऊला फोन वाजला. बाईचा आवाज.

"कोण बोलतंय?"

"मी सुरेखा."

"कोण सुरेखा? आमच्या ह्यांच्या तळहातावर तुमचा नंबर कसा आला?"

समोर बसलेल्या माझ्या मिस्टरांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"वहिनी, गैरसमज करू नका! हात मी नाही धरला, हिराबाईंनी धरला होता!"

"म्हणजे दोघी होतात?"

"नाही हो, मॅडमसुद्धा होत्या!"

मग मागून साहेबांचा केविलवाणा आवाज, "अगं, जेवणवाल्या आहेत त्या! त्यातल्या एक सारसोळ्याच्या, मासे करणाऱ्या..."

"मासे?" वहिनींचा आवाज एकदम बदलला. "ताजे?"

"हो वहिनी."

"हे म्हणतायत, सोमवारी साठ माणसांचं करून आणा. चव पटली तर काम तुमचंच."

मी मिस्टरांकडे बघून अंगठा उंचावला.

"पण एकसष्टावा डबा आधी माझ्या घरी. ह्यांना चवीतलं काही कळत नाही. आणि हात धरणारीलाच पाठवा!"