पंडुमाआधीची कैरी

चामोर्शीच्या वृद्धाश्रमात सत्यशीलाबाईंचं राज्य स्वयंपाकघरातून चालतं. "घरासारखं वाटलं पाह्यजे," हे त्या दिवसातून इतक्यांदा म्हणतात की ऐकणाऱ्याला घर नकोसं व्हावं. पण हाताला चव आहे, हे कबूल करावं लागतं. चैतात वरणात कैरी, भाजीत कैरी, ताटात कैरीची चटणी. म्हातारे खूश.

यंदा एटापल्लीकडच्या जंगलातली बुधरी आली आणि तिनं ताट सरकवलं. "पंडुम नाई झाला," एवढंच बोलली. तिच्या गावात नवा आंबा आधी देवाला देतात, तो सण म्हणजे पंडुम. तोवर कैरी कोणी तोंडाला लावत नाही. बाईंनी वेगळं वरण केलं, पण पळी तीच, शिजवायचा गंज तोच. बुधरीनं तेही सोडलं. कोरडा भात आणि मीठ खाऊन ती पार उतरली. "पुतण्याकडे पाठवून द्या," संस्थेचे सचिव गुणवंतराव म्हणाले. पुतण्या सुकलू तर तिला इथं सोडून मागं वळून न पाहता गेलेला.

सत्यशीलाबाई बौद्ध, देवाशी त्यांचं देणंघेणं नाही. पण हट्टाला हट्ट भेटला. त्यांनी सुकलूला फोन केला, "पंडुम झाला का सांगजो." मग सगळी भांडी घासली आणि आश्रमात कैरी बंद केली. सगळ्यांनाच.

"एका बुढीपायी आमी काऊन मन मारावं?" आश्रमातले लटारूभाऊ तणतणले.

"घरातलं मानूस खात नाई, त आपल्या घशाखाली उतरते का?" बाई म्हणाल्या. लटारूभाऊंनी चटणी सोडली, कुरकुर मात्र सोडली नाही.

बुधरी वरणभात जेवू लागली. रोज संध्याकाळी विचारायची, "फोन आला?" पंडुमाला सुकलू आपल्याला न्यायला येईल, अशी तिला आशा होती.

सुकलू आला तेव्हा झाडावरचे आंबे पिकत आले होते. पिशवीभर घेऊन आला. "पंडुम कवाचाच झाला, काकी. आमी समद्यांनी खाल्लाबी. तुले सांगाचं राहूनच गेलं."

सत्यशीलाबाईंच्या तोंडी शिवी आली होती, ती त्यांनी गिळली.

"आता चाल, दोन दिस राहून ये," सुकलू ओशाळून म्हणाला.

बुधरीनं त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"तुमी मले टाकून खाल्ला," ती म्हणाली. "इथी माह्यासाठी कोनीच खाल्ला नाई. तू जा."